खुराक पथकातला ऑरिन व्हाव्रा

ऑरिन व्हाव्राला चार वर्षांत जेवढा मार बसला तेवढा आमच्या तालुक्याच्या तुरुंगातल्या अट्टल चोरालाही बसला नसेल. आणि गंमत अशी, की मारणारे सगळे त्याच्याच संघातले होते.

अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू काखेत घेऊन पळायच्या आणि पळणाऱ्याला धडकून पाडायच्या खेळाच्या, संघाला सरावासाठी शत्रू लागतो. येत्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे ते काही मंगळवारी आपल्या मैदानावर येऊन धडका खात नाहीत. मग आपल्यातल्याच पंधरा-वीस पोरांना पिवळी बनियनं चढवायची, त्यांच्या छातीवर समोरच्यांचे नंबर लावायचे आणि सांगायचं, की या आठवड्यात तुम्ही ते. कोच रॅडमाकर या पोरांना सराव संघ म्हणत. बाकी सगळे त्यांना खुराक म्हणत. बैलाला जशी पेंड, तशी आमच्या बचावाला ही पोरं.

कोचनी पुठ्ठा वर धरायचा, त्यावर समोरच्या संघाची चाल काढलेली. ऑरिननं ती बघायची, चेंडू काखोटीला मारायचा आणि पुठ्ठ्यावर बाण दाखवतो तिकडे पळायचं. तिकडे बून हॅगर्टी उभा असायचा. बून म्हणजे आमच्या बचावाच्या मधला खांब, एकशे दहा किलोचा, मान नसलेला. पुठ्ठा त्याला दिसत नसे, पण त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे. मग हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा तो आवाज यायचा, आणि ऑरिन गवतावर उताणा पडून नेब्रास्काचं आभाळ मोजायचा.

"जिवंत आहेस का रे?" बून विचारायचा.

"तुझ्या आजीनं याहून जोरात मारलं असतं," ऑरिन म्हणायचा, आणि तोंडातली माती थुंकून उठायचा.

उठायचा, हे महत्त्वाचं. दुसरी पोरं वर्षभरात कंटाळून सोडून जात. कुणाला अभ्यास आठवे, कुणाला गुडघा. ऑरिन आला तेव्हा पंचाहत्तर किलोचा होता. चार वर्षं कॉलेजच्या भोजनगृहात अंडी आणि बटाटे कोंबून कसाबसा एक्क्याऐंशीवर पोहोचला. वेग बेताचा, उंची बेताची. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन दारात उभा राहिला होता. चार वर्षांत त्यानं खऱ्या सामन्याची जर्सी एकदाही अंगात घातली नव्हती.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कळायची नाही. कोच रॅडमाकरांचा एक नियम होता. शुक्रवारी सकाळी शस्त्रागाराच्या, म्हणजे हेल्मेट आणि पॅड ठेवायच्या खोलीच्या, दारावर बावन्न नावं लागत. ज्यांची नावं लागली ते शनिवारी जर्सी घालणार. बाकीचे जॅकेट घालून कठड्यापाशी उभे. शेवटच्या वर्षाच्या पोरांना शेवटच्या घरच्या सामन्याला तरी दयेनं जर्सी द्यावी, अशी पद्धत दुसऱ्या कॉलेजांत आहे. रॅडमाकरांच्या राज्यात दया नव्हती. "जर्सी वाढदिवसाची भेट नाही," ते म्हणत. खाष्ट माणूस, पण खोटा नाही.

ऑरिनला आयुष्यात एवढंच हवं होतं. कुणी विचारलं, की तू कॉलेजात खेळलास का, तर हो म्हणता यावं.

त्याचे वडील एमिल व्हाव्रा पश्चिमेकडे बीटसाखरेचे ट्रक चालवत. शनिवारी पहाटे सहकारी दुकानाच्या कॉफीच्या टेबलावर सगळे बाप आपापल्या पोरांच्या बढाया मारत, तेव्हा एमिल कोलाच, म्हणजे फळांचा मुरंबा भरलेला गोड पाव, कॉफीत बुडवून खात बसत. पोरगं संघात आहे, एवढं ते सांगत. कोणत्या जागी खेळतो, असं कुणी विचारलं, तर म्हणत, "सगळ्या." आणि ते खरंच होतं. दर आठवड्याला ऑरिन कुणी तरी दुसराच असे.

त्या वर्षीचा हंगाम ऑगस्टमध्ये रक्तानंच सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात 'गल्ली' लागली. दोन्ही बाजूंना पोरांची रांग, मध्ये दीड यार्ड जागा, एका टोकाला चेंडूवाला, दुसऱ्या टोकाला मारणारा, आणि शिट्टी. अडतीस अंशांचं ऊन. ऑरिन त्या दिवशी अकरा वेळा गल्लीत गेला. सहाव्या वेळी त्याचा ओठ फाटून दातात अडकला. संघाची औषधवाली ओडेट प्रुइट, पन्नाशीची, फटकळ बाई. तिनं तिथंच टाके घातले.

"तुला अक्कल कधी येणार?" ती म्हणाली.

"दात पडल्यावर येते म्हणतात."

"मग आणखी एक आठवडा थांब."

आठवडाही लागला नाही, दोनच दिवसांत पुढचे दोन गेले आणि त्यांच्या जागी खोटे आले.

पण ऑरिनकडे एक गुण होता, आणि त्याची किंमत कोचांना चौथ्या सामन्याला कळली. तो नुसता पुठ्ठा बघून पळत नसे. ज्याचं सोंग घ्यायचं त्याची चित्रफीत तो संध्याकाळी पुन्हा पुन्हा बघे. तो माणूस कसा उभा राहतो, हेल्मेटची पट्टी कशी चावतो, दमला की कुठं हात ठेवतो. चौथ्या सामन्याच्या आधी त्याला चेंडू फेकणाऱ्याचं सोंग होतं. तो खरा गडी चेंडू फेकण्याआधी डावी टाच किंचित टेकवायचा. ऑरिननं सरावात तशीच टाच टेकवली. बूनच्या ते बुधवारी लक्षात आलं. शनिवारी आमच्या पोरांनी त्या बिचाऱ्याचे चार चेंडू हवेतच लुटले, आणि पाचव्या वेळी बूननं त्याला असा आडवा केला, की त्याला स्वतःचा नंबर सांगता येईना.

तेव्हापासून संघात बोलबाला झाला, की व्हाव्रा जे करतो ते उगाच करत नाही. ऑरिननं नाक शिंकरलं तरी बचाव विचार करायचा, की शनिवारी तो गडीही शिंकरणार. मार मात्र कमी झाला नाही. उलट मान वाढला तसा मारही वाढला, कारण आता त्याला पाडणं म्हणजे खऱ्याला पाडणं होतं.

आठव्या सामन्याच्या आठवड्यात तो ढिगाऱ्याखाली सापडला. चार जण वर पडले आणि कुणाच्या तरी बुटाचे खिळे उजव्या हातावर रुतले. मधली दोन बोटं काडीसारखी मोडली. ओडेटनं ती दोन्ही एकत्र बांधून पांढऱ्या चिकटपट्टीचा गोळा केला आणि त्याला एक आठवडा घरी बसवलं. तो आठवडा त्याला सगळ्या हाडांपेक्षा जास्त दुखला.

नवव्या सामन्यानंतर आम्ही सहा जिंकलो होतो, तीन हरलो होतो. शेवटचा सामना घरचा, ब्रॅडिश कॉलेजशी. ब्रॅडिशवाल्यांचा एझ्रा पोलार्ड, नंबर बावीस, त्या वर्षी सगळ्या प्रांताला तुडवत आला होता. पायात वीज, आणि मांड्या ओंडक्यासारख्या. पाडायला येणाऱ्यालाच तो पाडून जायचा. जिंकेल त्याला करंडक, हरेल त्याला हिवाळाभर टोमणे.

सोमवारी कोचनी ऑरिनला खोलीत बोलावलं.

"बोटं?"

"ठीक आहेत, कोच."

"खोटं बोलू नकोस. चेंडू धरता येतो?"

"येतो."

"मग या आठवड्यात तू बावीस. नीट कर. पोलार्डला माझ्या पोरांनी सरावातच चाळीस वेळा पाडलेलं मला हवंय. बचाव तयार झाला, तर शुक्रवारी दारावर तुझं नाव लावीन. आणि जमलं तर आतही सोडीन. एक-दोन चाली."

ऑरिन नुसती मान हलवून बाहेर आला आणि पाण्याच्या पिंपाला धडकला.

मंगळवारी पहिल्या दोन चालींत त्यानं बचावाला चकवलं. मग काय झालं कुणास ठाऊक, बून त्याच्यावर तुटून पडायला लागला. चेंडू हातात येतो न येतो तोच बून तिथं. डावीकडे पळालं, तर बून. उजवीकडे, तर बून आणि मागोमाग ग्रेडी स्टॉल. हा ग्रेडी बचावाच्या सगळ्यात मागे उभा राहणारा, सडपातळ, हसरा, पण धडक अशी मारायचा की बरगड्या सतार वाजवत. चेंडू ऑरिनला न देता नुसती हूल दिली, तर मात्र दोघं ढुंकूनही बघत नसत. बुधवारी ऑरिनला बत्तीस वेळा पाडलं. एकोणिसाव्या वेळी त्याला वांती झाली. सव्विसाव्या वेळी तो उठून चुकून दुसऱ्याच बाजूला जाऊन उभा राहिला आणि पोरं हसली. कोच रॅडमाकर हंगामात पहिल्यांदाच टाळ्या वाजवत होते.

गुरुवारी मारामारी नसते. नुसतं चालून बघायचं आणि जेवायचं. भोजनगृहात बूननं त्याच्यासमोर ताट आपटलं. ताटात कोबी-खिमा भरलेले सहा पाव.

"खा. तुझ्या वाटचे दोन. लेका, तू माणूस आहेस का भूत?"

"का?"

"तो हात! मांडीवरचा. चेंडू त्याला मिळणार असला की पोलार्ड उजवा हात मांडीला पुसतो. हूल असली की पुसत नाही. मी चित्रफीत दहा वेळा पाहिली, मला दिसलं नाही. तुला कसं दिसलं? मी कोचना सांगितलं, ग्रेडीला सांगितलं. सगळा बचाव आता हातच बघतोय."

ऑरिननं पाव परत ताटात ठेवला. त्यानं खाली आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांवरची चिकटपट्टी घामानं आणि ओल्या गवतानं बुळबुळीत होत असे. चेंडू सुटेल या भीतीनं तो घ्यायच्या आधी ती पुसत होता. स्वतःच्याही नकळत. पोलार्ड हात पुसत नव्हता. पोलार्ड काहीच करत नव्हता. त्या माणसाच्या अंगात चुगली करणारा एकही अवयव नव्हता, हे ऑरिनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे दोन दिवस बचावानं पोलार्डला नाही, ऑरिन व्हाव्राला पाडायचा अभ्यास केला होता.

"काय रे? चित्रफितीतच बघितलंस ना?" बूननं पाव तोंडात कोंबत विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. बून, तो हात माझा आहे. पण उद्या शुक्रवार होता. आठवडा वाया गेला, हे कोचना कळलं की दारावर नाव कसलं लागतंय?

"हं," ऑरिन म्हणाला.

एवढंच. माणूस शंभर शब्दांनी खोटं बोलतो असं नाही, एका हुंकारानंही काम भागतं.

शुक्रवारी बावन्नावं नाव त्याचं होतं. नंबर अडतीस. त्यानं वडिलांना फोन केला. पलीकडे ट्रकचं इंजिन घरघरत होतं.

"बाबा, उद्या मी जर्सी घालणार आहे."

इंजिन बंद झालं.

"बीट थांबतील एक दिवस," एमिल म्हणाले. "किती वाजता?"

शनिवारी थंडी हाडात शिरत होती. निळ्या जर्सीवरचा पांढरा अडतीस आकडा ऑरिननं इतक्या वेळा चाचपला, की शेजारचा म्हणाला, "अरे, पळून नाही जात तो." बाहेर येताना त्यानं वर पाहिलं. चौथ्या रांगेत कानटोपी घातलेले एमिल उभे होते. हात हलवला नाही त्यांनी, व्हाव्रांच्यात ती पद्धत नाही. नुसती टोपी काढली आणि थंडीत तशीच हातात धरून राहिले.

तिसऱ्याच चालीला पोलार्डच्या हातात चेंडू आला. बून जागेवर उभा. त्याची नजर पोलार्डच्या उजव्या मांडीवर होती, आणि मांडीवर हात आलाच नाही. बून हलला तोवर पोलार्ड त्याच्या खांद्याला खांदा घासून निघून गेला होता. त्रेचाळीस यार्ड. पुढच्या खेपेला आमचा एक दांडगा गडी हूल समजून वळला आणि पोलार्डनं त्याच्या छातीवरून वाट काढली. तो उठला तेव्हा त्याच्या नाकपुड्यांतून रक्ताच्या दोन धारा लागल्या होत्या. ब्रॅडिशचे प्रेक्षक नाचत होते. आमचे लोक बूनला शिव्या देत होते, आणि बून स्वतःच्या हेल्मेटवर मुठी मारत होता.

"हात का नाही पुसत तो?" कठड्यापाशी येऊन बून ओरडला. "कोच, तो लपवतोय!"

"बघत राहा!" कोच ओरडले. "पुसेल! नजर काढू नका!"

ऑरिन दहा पावलांवर उभा होता. कोरी करकरीत जर्सी घालून. बोल, बोल, असं त्याचं काळीज सांगत होतं आणि तो छातीवरचा आकडा चाचपत होता. वर बाप टोपी हातात धरून बसला होता. जरा थांबू, त्याला वाटलं. बूनला आपोआप कळेल.

सामन्याच्या दुसऱ्या पाव भागात ग्रेडी स्टॉलचा पाय गेला. पोलार्ड मोकळा सुटला होता. मागे एकटा ग्रेडी, आणि ग्रेडी हात बघत थबकला. अर्धा क्षण. मग उशिरा, आडवातिडवा त्याच्या पायात घुसला. पोलार्डचा गुडघा वरून आला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज चार हजार माणसांनी ऐकला. ग्रेडीची नडगी मधूनच दुसऱ्या दिशेला वळली होती. तो ओरडलासुद्धा नाही आधी. नुसता त्या पायाकडे बघत राहिला, आणि मग असा ओरडला की ब्रॅडिशच्या एका पोरानं हेल्मेट काढून कान झाकले. पोलार्ड गुडघ्यावर बसून त्याचा हात धरून होता. ओडेट धावली. ग्रेडीला गाडीतून नेताना त्याच्या आईनं कठडा ओलांडला आणि ती मागोमाग पळाली.

मध्यंतराला आम्ही वीस-तीननं मागे. खोलीत वाफ, घाम, रक्ताचा वास. पोरं बाकांवर कोसळली होती. कोच रॅडमाकर फळ्यापाशी गेले, खडू उचलला आणि म्हणाले, "तो हात—"

"तो हात माझा होता."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ऑरिन कधी उभा राहिला हे त्यालाही कळलं नव्हतं.

"पोलार्ड हात पुसत नाही. मी पुसतो. पट्टी ओली होते म्हणून. तुम्ही आठवडाभर मला ओळखून मारत होतात." त्याचा आवाज फाटला. "मला गुरुवारीच कळलं होतं. जर्सीसाठी बोललो नाही."

मग बून उठला. तीन ढांगांत आला, ऑरिनच्या मानेला धरून त्याला लोखंडी कपाटावर आपटलं, परत ओढलं, परत आपटलं.

"ग्रेडीचा पाय!" तो किंचाळत होता. "हरामखोरा, ग्रेडीचा पाय!"

ऑरिननं हात वर केले नाहीत.

"हॅगर्टी, सोड त्याला." कोचचा आवाज अगदी हळू होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं उरली होती. मग ऑरिनकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा कपाट बरं. "जर्सी काढ. त्या जर्सीला माझी पोरं हात लावणार नाहीत. पिवळं बनियन आणा याचं. बाक भिंतीला लावा. पहिला बचाव, उभे राहा. हेल्मेट घाला."

खोली लांबीला बारा-तेरा यार्ड. खाली काँक्रीट, त्यावर झिजलेली रबराची चटई, ती पण अर्धीच. ऑरिननं निळी जर्सी डोक्यावरून काढली, घडी घालून खुंटीवर ठेवली आणि पिवळं बनियन चढवलं. राखीव फेकणाऱ्यानं चेंडू घेतला. कोचनी कोपऱ्यात पुठ्ठा वर धरला.

पहिल्या वेळी ऑरिन हात न पुसता पळाला. बून उशिरा आला, पण आला, आणि सगळा राग घेऊन आला. ऑरिन मागच्या मागे काँक्रीटवर आदळला आणि त्याचं डोकं दोनदा उडालं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तो उठला.

"तू अजून हातच बघतोयस," तो म्हणाला. "हात बघू नकोस. त्याच्याकडे चुगली नाहीच, बून. कंबर बघ. कंबर जिथं जाईल तिथं तो जाईल. बाकी सगळं खोटं."

दुसऱ्या वेळी हूल. तिघं फसले आणि बाकावर जाऊन कोसळले. तिसऱ्या वेळी ऑरिन निसटला आणि थेट भिंतीवर गेला. तोंडातला खोटा दात निखळून चटईवर पडला. चौथ्या वेळी दोघांनी एकदम दाबलं. त्याच्या डाव्या खांद्यात काही तरी कट् झालं, आणि हात लोंबायला लागला. गळ्याखालचं हाड कातडीला तंबूसारखं वर उचलत होतं.

बून मागे सरला. "बास. कोच, बास झालं. त्याचं हाड मोडलंय."

कोचनी पुठ्ठा खाली घेतला.

"पुन्हा," ऑरिन म्हणाला.

"गप रे."

"अजून उशीर होतोय तुला. अर्धं पाऊल. त्याला अर्धं पाऊल बास होतं, पाहिलंस ना." त्यानं रक्त थुंकलं आणि चेंडू उजव्या काखेत घेतला. "पुन्हा लाव, बून. रडतोस काय?"

बून खरोखर रडत होता. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण शेतकऱ्याचं पोर, कामाला उभं केलं की हटायचं नाही. कोचनी पुठ्ठा वर केला. ऑरिन एका हातानं पळाला, पोलार्डसारखा, खाली वाकून, शेवटपर्यंत काहीही न सांगता. या वेळी बूननं कंबर पाहिली. तो वेळेवर आला. अगदी वेळेवर. ऑरिनचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले.

तो चटईवर पडून बराच वेळ श्वास शोधत होता.

"बरोबर," शेवटी तो म्हणाला. "हे बरोबर."

बाहेरून पंचाची शिट्टी आली. पोरं हेल्मेटचे पट्टे लावत त्याच्यावरून, त्याच्या बाजूनं निघून गेली. कोच शेवटी निघाले. दारात थांबले, पण वळले नाहीत.

"चौथ्या पाव भागात तुला आत सोडणार होतो," ते म्हणाले आणि गेले.

उरलेला सामना ऑरिननं त्याच खोलीत बसून छपरातून ऐकला. ओडेटनं हात गळ्यात बांधला आणि तोंडात कापूस कोंबला. वरती बाकांवर पाय आपटत होते. एकदा आपटण्याचा आवाज आला, धडकेचा, एवढ्या काँक्रीटमधूनही आला, आणि लोकांचा गदारोळ झाला. ओडेट बाहेर डोकावून आली. "हॅगर्टीनं पोलार्डला रेषेमागेच गाडलं," ती म्हणाली. ऑरिननं डोळे मिटले. शेवटी आम्ही चोवीस-वीस जिंकलो. पोलार्डला दुसऱ्या अर्ध्यात सगळे मिळून एकोणीस यार्ड मिळाले. गाव रस्त्यावर आलं, घंटा वाजवल्या, ते सगळं झालं. ऑरिनला त्यातलं काही सांगायला कुणी आलं नाही.

एमिल मात्र आले, टोपी हातात धरूनच.

"दुसऱ्या अर्ध्यात दिसला नाहीस," ते म्हणाले. "अडतीस नंबर शोधत होतो मी. म्हटलं, ढिगाऱ्यात असेल."

मग त्यांना खांदा दिसला, तोंड दिसलं. खुंटीवरची जर्सी दिसली, कोरी, घडीची. ऑरिननं सगळं सांगितलं. गुरुवारपासून. हुंकारासकट. एमिल व्हाव्रा बाकावर बसून ऐकत होते आणि टोपी दोन्ही हातांनी पिळत होते.

"त्या पोराचा पाय तुझ्यामुळे मोडला," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

एमिल उठले. पोराच्या अंगावर जॅकेट टाकलं, मोडक्या बाजूची बाही मोकळी सोडली. "मग आधी तिकडे. मोडलेलं हाड कुठं पळून जात नाही."

तालुक्याच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर ग्रेडीची खोली होती. दाराबाहेर खुर्चीत मिसेस स्टॉल बसल्या होत्या, कठडा ओलांडताना फाटलेला कोट तसाच अंगावर. ग्रेडी आत शुद्धीवर आला होता, पायात सळई घातलेली. मिसेस स्टॉलनी मान वर केली. सुजलेलं तोंड आणि गळ्यात बांधलेला हात बघून त्या लगबगीनं उठल्या आणि ऑरिनचा गाल दोन्ही हातांत धरला.

"अरे देवा, तुलाही! कुणाचा तू, व्हाव्रांचा ना? तू पण खेळलास ना आज? आमच्या ग्रेडीच्या शेजारी?"

हा प्रश्न कुणी तरी विचारावा म्हणून त्यानं चार वर्षं मार खाल्ला होता. मागे एमिल भिंतीला टेकून उभे होते.

"नाही, मिसेस स्टॉल," ऑरिन म्हणाला. "मी खेळलो नाही. मला ग्रेडीशी बोलायचंय. तुम्हीही ऐकायला हवं."

त्यांचे हात अजून त्याच्या गालावर होते. ते त्यानं हळूच खाली केले आणि दार ढकललं.